बुधवारची पोर

“बुधवार,” आत्याबाई म्हणाल्या. ही तिसरी वेळ होती.

“नीट आठवून सांगा,” मी म्हणाले. “सोळा-सतरा वर्षं झाली त्याला. गुरुवार नसेल कशावरून?”

“आवं बाई, त्यात आठवायचं काय? पोर माज्या हातात झाली. बुधवार. बाजारचा दिस. आनि कितींदा सांगू?”

माझ्या शेजारी बसलेल्या सुभेदार साहेबांनी पेन खाली ठेवलं. समोर फलटणचे जगताप सर बसले होते. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं, तरी चेहरा पडलेला होता. दाराबाहेर बाकावर ट्रॅकसूट घातलेली कोमल बसली होती. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. आत्याबाईंचा आवाज असा होता की समोरच्या रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू येत असावं.

आत्याबाई खरं बोलत होत्या, यात कुणालाच शंका नव्हती. अडचण तीच होती. त्यांचं खरं धरलं तर त्यांची भाची त्या दिवशी बाद होणार होती.

मी पंचायत समितीत शिक्षण विभागाची विस्तार अधिकारी होते. सोप्या भाषेत सांगायचं तर शाळा तपासणारी बाई. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शाळांची जनरल रजिस्टरं जितकी पाहिली तितकी साड्यांची दुकानं पाहिली नाहीत. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि जन्मतारीख लिहिलेली जाडजूड वही. या रजिस्टरांत एक गंमत कायम दिसते. जुन्या काळात निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो. पोराची तारीख घरच्यांना माहीत नसली की गुरुजी शाळेच्या वर्षाला सोयीची पडेल अशी १ जून टाकून मोकळे होत. त्यामुळे पुढे निवृत्तीच्या वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. एकाच हारवाल्याकडून सगळे हार जातात. मीही त्यातलीच. माझी तारीख १ जून १९६४.

निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या खो-खोच्या एका मंडळानं मला वयपडताळणीला बसवलं. हे काम असं: सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा असेल, तर त्या मुली खरोखर सतरा वर्षांखालच्या आहेत का, हे कागद पाहून ठरवायचं. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निकाल द्यायचा. समितीत आम्ही दोघं. अध्यक्ष सुभेदार साहेब, फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याजवळच्याच गावचे. आणि मी. साहेब शिस्तीचे. बैठक अकराची असेल तर पावणेअकराला येऊन ते माझ्याकडे उशिरा आल्यासारखं बघतात.

यात माझा एक शौकही खपून जातो. कुठलीही तारीख सांगा, मी वार सांगते. लग्नाकार्यात बायका मला गाठतात. माझं लग्न कोणत्या वारी झालं, पोरगा कोणत्या वारी झाला. मी डोळे मिटून दहा-पंधरा सेकंदांत सांगते. एकदा भाचीच्या सासूबाईंना त्यांचा जन्म मंगळवारचा असल्याचं सांगितलं. त्या आयुष्यभर स्वतःला शुक्रवारच्या लक्ष्मी समजत होत्या. पंगत उठेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, “अगं, मोबाइल आहे की आता.” मी लक्ष देत नाही.

तर तक्रार अशी होती. कोमलचा संघ कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वाडीचा. वाडीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. सांगलीत झालेल्या सामन्यात या संघानं जगताप सरांच्या फलटणच्या संघाला हरवलं. हरवलं म्हणजे एकट्या कोमलनं हरवलं. ही पोर बचावाला उतरली की तीन-तीन मिनिटं हाताला लागत नव्हती. दोन खांबांच्या मधून अशी निसटायची की पाठलाग करणाऱ्या मुली एकमेकींकडेच बघत राहायच्या.

त्या सामन्याचं चित्रीकरण जगताप सरांनी मोबाइलवर केलं होतं, आपल्या मुलींच्या चुका दाखवायला. घरी जाऊन पाहतात तर चुकांपेक्षा आवाज जास्त. कडेला बसलेली एक बाई सतत ओरडत होती, “बुधवारची हाय, बुधवारची! बाजाराच्या दिवशीची! घावायची न्हाई तुमाला!” सरांनी सहज खेळाडूंच्या यादीतून कोमलची तारीख काढली. १ जानेवारी २००९. मोबाइलवर वार पाहिला. गुरुवार.

मग त्यांचं डोकं चाललं. आमच्या स्पर्धेचा नियम असा की खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा हवा. एक दिवस आधीचा असला तरी खेळाडू बाद. म्हणजे पोर बुधवारची असेल, तर ३१ डिसेंबर २००८ ची. बरोबर एका दिवसानं बाहेर. सरांनी लेखी तक्रार दिली. तिच्यात शेवटी लिहिलं होतं, ‘१ जूनप्रमाणे १ जानेवारी हीदेखील सोयीची तारीख असते, हे आपणांस सांगणे नलगे.’ हे वाक्य वाचून मला राग आला. कारण ते खरं होतं.

तक्रार खरी ठरली तर नुसतं खेळणं जाणार नव्हतं. चुकीची तारीख देऊन खेळलेल्या खेळाडूवर दोन वर्षं बंदी. संघाचे जिंकलेले सामने रद्द. पुढचा सामना दुसऱ्याच दिवशी, साताऱ्यातच होता. सगळा संघ आदल्या दिवशीच येऊन एका शाळेत उतरला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कागदावर त्या पोरीच्या नावापुढे ‘फसवणूक’ असा शब्द पडणार होता. सोळा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे.

आम्ही कागद मागवले. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत १ जानेवारी. शाळेच्या रजिस्टरमध्ये तीच. पण जन्म घरी झालेला, दवाखान्याचा कागद नाही. नोंद बापानं तोंडी सांगितल्यावरून, आठ-दहा दिवसांनी केलेली. बाप ट्रकवर, गुजरातेत कुठेतरी. फोन लावला तर म्हणाला, “तारीख एकच हाय मॅडम, कागदावर हाय ती.” आणि रेंज गेली. आई म्हणाली, “मला कुठली शुद्ध? आमच्या वन्संना इचारा. सगळं त्यांनीच केलं.”

साहेब म्हणाले, “एक्स-रे काढू या का? हाडांवरून वय कळतं.”

“वर्षाचा अंदाज कळतो साहेब,” मी म्हणाले. “एका दिवसाचा नाही कळत.”

म्हणून वन्संना, म्हणजे कोमलच्या आत्याबाईंना बोलावणं गेलं. त्याच त्या ओरडणाऱ्या. बांगड्यांचा व्यवसाय. जवळच्या मोठ्या गावात दर बुधवारी बाजार भरतो, तिथे पथारी मांडतात. आल्या त्याच मुळी कुरकुरत. “आज बुधवार. माजा बाजार बुडला तुमच्या पायी.” कोमलचं नाव त्यांनीच ठेवलेलं. “बारशाला म्या कानात कोमल म्हटलं. आता बगा कशी झालीया. दगडावर आपटली तर दगुड फुटंल.”

सुनावणीच्या सुरुवातीला जगताप सर नम्रपणे म्हणाले, “मॅडम, वार एकदा आपणही पडताळून पाहावा. मोबाइलवर चूक असू शकते.”

मला हेच हवं होतं. मी चष्मा काढला, डोळे मिटले. वाचकांसाठी सांगते, यात जादू काही नाही. वर्षाचे दिवस ३६५. सातानं भागले की बाकी एक राहते. म्हणून कुठलीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. यंदा सोमवारी असेल तर पुढच्या वर्षी मंगळवारी. मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला असेल तर दोन वार. आता एक खुंटी पाठ हवी. माझी खुंटी म्हणजे १ जानेवारी २०००, शनिवार. तिथून २००९ पर्यंत नऊ वर्षं, म्हणजे नऊ वार. मध्ये २९ फेब्रुवारी तीनदा येऊन गेला: २०००, २००४, २००८. नऊ आणि तीन बारा. बारातून एक पूर्ण आठवडा वजा केला, उरले पाच. शनिवारच्या पुढे पाच वार मोजा. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू.

“गुरुवार,” मी डोळे उघडून म्हणाले.

“मोबाइलवरही गुरुवारच होता,” जगताप सर म्हणाले. साहेबांनी हे इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं. कौतुक कुणी केलं नाही.

त्यानंतर आत्याबाईंना विचारलं, आणि बुधवार, बुधवार, बुधवार असं तीनदा झालं.

साहेब म्हणाले, “आत्याबाई, इतक्या वर्षांची गोष्ट. मेमरी धोका देते. फौजेत मी आपल्याच रायफलचा नंबर विसरलेले जवान बघितलेत.”

“आवं साहेब, माजं सोडा,” आत्याबाई म्हणाल्या. “हिच्या आईला इचारा. लेकराच्या जनमवारी आईनं डोक्यावरनं पानी घ्यायचं न्हाई, आसं हाय आमच्यात. सोळा वरसं झाली, माज्या वहिनीनं बुधवारी क्यास धुतलं न्हाईत. सनवार असू दे न्हाई तर लगीन असू दे. मग तीबी चुकतीया व्हय?”

कागद एका बाजूला आणि सोळा वर्षांचे न धुतलेले बुधवार दुसऱ्या बाजूला. मी आजवर पुष्कळ पुरावे पाहिले होते. इतका पक्का पुरावा बघितला नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं. कोमल आत आली. परवानगी वगैरे काही नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता.

“आत्ये, गुरुवार म्हन की गं. काय जातंय तुजं?”

आत्याबाई गर्रकन वळल्या. “खोटं सांगू? तुज्या जल्माचं खोटं सांगू मी? तुला काय वाटतंय, मला तू खेळायला नगं हाईस व्हय? तुजी नाळ म्या कापली. बुधवारची हाईस तर बुधवारचीच हाईस. जा भाईर.”

कोमल गेली. मला आत्याबाईंचा राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या सगळ्या नोकरीत लोक मला खोटं सांगत आले आणि मी ते शोधत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या बाईनं एकदा थोडं खोटं बोलावं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, रूल म्हणजे रूल. लिहा.”

मी निकालाचा कागद ओढला. वर नाव, गाव, संघ लिहिलं. खाली निकालाचा रकाना असतो. पात्र किंवा अपात्र. मी ‘अ’ लिहिला. खरंच लिहिला. तो कागद अजून फायलीत आहे आणि त्यावर माझा ‘अ’ खोडलेला दिसतो. मग आठवलं की साक्षीदाराचा हजेरीचा फॉर्म आधी भरायला हवा. बाहेरगावच्या माणसाला मंडळ मुक्कामाला खोली देतं, म्हणून त्यात कधी निघालात, कुठे राहिलात, कधी पोचलात असे रकाने आहेत. खरं सांगायचं तर मला तो ‘अपात्र’ शब्द पुरा लिहायला उशीर करायचा होता. फॉर्म हे निमित्त.

“घरातून कधी निघालात?”

“काल. मंगळवारी.”

मी मंगळवार लिहिला. “रात्री मुक्काम कुठे केला?”

“कसला मुक्काम?”

“मंगळवारी निघालात, बुधवारी इथे पोचलात. मग रात्री कुठे होता?”

“घरी. न्हाई तर कुटं आसनार?” आत्याबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “निजले, उटले, भाकरी बांदली, आनि पयली गाडी धरली.”

“पहिली गाडी किती वाजता असते?”

“साडेचारला.”

“पहाटे साडेचारला? म्हणजे आजच निघालात की.”

“आज कशी? दिस कुटं उगवला हुता? सांगलीच्या स्टँडावर गाडी बदलली तवा दिस उगवला. तितनं म्होरं बुधवार.”

माझ्या हातातलं पेन थांबलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला मात्र दोन-तीन श्वास लागले, कारण गुरुवार काढून झाल्यावर माझं डोकं आरामात बसलं होतं. घड्याळाचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो. आत्याबाईंचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो. यात त्यांचा अडाणीपणा काही नाही. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. सकाळी उठून आपण पंचांग बघतो आणि रात्री बारा वाजता तारीख बदलतो, आणि दोन्ही एकच आहे असं धरून चालतो. मी वार काढायला शिकले, पण वार सुरू कधी होतो हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणजे ही पोर बुधवारच्या रात्री, बारानंतर आणि उजाडण्याआधी झाली असेल, तर आत्याबाईंचा बुधवार खरा आणि कागदावरची १ जानेवारीही खरी. पण झाली कधी? हे त्यांना सरळ विचारायचं नव्हतं. काय उत्तर हवं आहे ते समोरच्याला कळलं की साक्ष गेली, एवढं मला कळतं. आत्याबाईंना कळलं असतं तरी त्या बधल्या नसत्या म्हणा. पण जगताप सरांनी हरकत घेतली असती.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तो दिवस पहिल्यापासून सांगा. सकाळपासून. काही गाळू नका.”

“लय मोटं हाय.”

“असू दे.”

त्यांनी पदर सावरला आणि सुरुवात केली. सकाळी बाजार. बांगड्या चांगल्या खपल्या. एका बाईनं भरताना चार फोडल्या आणि वर भांडली. तिचं नाव, तिच्या सासूचं नाव, भांडण कशावरून हे सगळं झालं. साहेब घड्याळ बघू लागले. मी नजरेनं थांबवलं. दिवेलागणीला आत्याबाई घरी आल्या तर वहिनी भिंतीला टेकून बसलेली. कळा सुरू. भाऊ नर्सबाईंना आणायला सायकलवर गेला. जीपवाला बाहेरगावी.

“नर्सबाई काय आल्या न्हाईत. मी एकलीच. चुलीवर पानी. वहिनी वरडायली. आनि त्यात वरच्या अंगाला कुणीतरी येड्यानं फटाकं लावलं. धाडधाड धाडधाड. माजं काळीजच हाललं. मी म्हटलं, ही वरात कुटली आली आता?”

साहेबांचं पेन थांबलं. “फटाके? किती वाजता?”

“घड्याळ कुटं हुतं घरात? लय रात झालती. कुत्रीबी गपगार झालती.”

जगताप सर पुढे सरकले. “लग्नाची वरात असेल. वरात रात्री उशिराच निघते.”

“आवं सर, पौषात कोन लगीन करतंय?” आत्याबाई म्हणाल्या. “म्हनून तर ध्यानात ऱ्हायलं. मी वहिनीला म्हटलं बी, बाई गं, पौषात वरात काडनारी ही मानसं हायती तरी कोन? तिला दुखत हुतं, तरी हासली. आजून समजलं न्हाई मला कुणाचं लगीन हुतं ते.”

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“थर्टी फर्स्ट,” ते म्हणाले. “मॅडम, झिरो झिरो झिरो झिरो आवर्स, म्हणजे रात्रीचे ठोक बारा. आमच्या युनिटात पण वाजवायचे. शहरातून आलेली पोरं असतील कुणाची.”

मी त्यांना हातानं थांबवलं. शेवटचा प्रश्न राहिला होता. “आणि पोर? फटाक्यांच्या आधी झाली की नंतर?”

“लय नंतर. फटाकं झाल्यावर म्या दोनदा पानी तापवलं. लाकडं सपली, मग गोवऱ्या घातल्या. पोर झाली आनि पयलं कोंबडं आरवलं. कोंबड्यानं आनि हिनं एकदमच त्वांड उगडलं. तवाधरनं हिचं त्वांड मिटलं न्हाई.”

बाहेरच्या बाकावरून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आणि दिवस उगवला नव्हता?”

“न्हाई तर! चिमणी घिऊनच नाळ कापली. म्हनून तर बुधवार म्हनतीया मी. इतका येळ काय सांगतीया?”

आम्ही सगळे एकदम सैल झालो. साहेबांनी वहीत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि जगताप सरांना विचारलं, काही हरकत? जगताप सर हसले. चांगलं हसले.

“हरकत कसली साहेब? माझी आई फलटणात राहते. पहाटे तीनला पाणी आलं की भांडी भरते आणि दिवसभर सांगते, काल पाणी आलं होतं. मी रोज वाद घालतो, आज आलं, आज आलं. आज घरी जाऊन माफी मागतो.” मग थांबून म्हणाले, “मी तक्रार मागे घेतो.”

“तक्रार मागे घेता येत नाही,” मी म्हणाले. “निकाल द्यावा लागतो.” आणि दिला. ‘अ’ खोडला, शेजारी सही केली, आणि ‘पात्र’ लिहिलं. कारणांच्या रकान्यात लिहिलं: ‘खेळाडूचा जन्म बुधवारच्या रात्री, गुरुवारी पहाटे झाल्याचे सिद्ध होते.’ साहेबांनी हे वाक्य तीनदा वाचलं. म्हणाले, “मॅडम, हे वर गेल्यावर आपल्याला वेडे म्हणतील.” पण सही केली.

आत्याबाईंना हे सगळं समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. ऐकून त्या म्हणाल्या, “मंजी मी म्हनत हुते तेच की. मग येवडा येळ माजा बाजार कशाला बुडीवला?”

बाहेर कोमलनं त्यांना कडकडून मिठी मारली. आत्याबाई म्हणाल्या, “सोड, काकणं फुटतील.” पण स्वतः सोडलं नाही.

जाता जाता त्या माझ्या टेबलाशी आल्या. “बाई, तुमी समद्यांचं वार काडता म्हनं. तुमचा जनमवार कोन्चा वो?”

“माझी तारीख १ जून,” मी म्हणाले. “पण ती शाळेतल्या गुरुजींनी टाकलेली. खरी माहीत नाही.”

“आनि वार?”

“तारीख नाही तर वार कुठून काढणार?”

त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंजी सोताचा ठावं न्हाई, आनि आमच्या पोरीचा तपासत बसलाया व्हय?” साहेब फौजेतले, पण तेही तोंडाला रुमाल लावून हसले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कोमल खेळली. तो सामना त्यांनी जिंकला, पुढचा दोन गुणांनी हरल्या. कोमलची मात्र सराव शिबिरासाठी निवड झाली. हरल्याचं कारण आत्याबाईंनी मला फोनवर सांगितलं. “बुधवारी ठेवायला पायजे हुता सामना.” जगताप सरांनी आपल्या मुलींना सामन्याचं तेच चित्रीकरण दाखवायला घेतलं आहे, आत्याबाईंचा आवाज बंद करून. आमच्या फॉर्मवर मी एक नवीन रकाना घालून घेतला: जन्म सूर्योदयापूर्वी की नंतर. साहेबांनी त्याला मंजुरी देताना कपाळावर हात मारला.

एवढ्यावर ही हकीकत संपायला हवी. पण सुनावणीच्या रात्री जेवताना मला एक गोष्ट आठवली. आमची आई शनिवारी कधी डोक्यावरून अंघोळ करत नसे. लहानपणापासून मी ते पाहत आले होते. मला वाटायचं, मारुतीचा वार, म्हणून असेल. विचारलं कधीच नाही. ताट तसंच ठेवून मी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती माधवनगरला असते.

“ताई, आई शनिवारी केस का धुवायची नाही गं?”

“अगं, म्हणजे काय? तुझा वार ना तो,” ताई म्हणाली. “तुला माहीत नव्हतं?”

नव्हतं. १ जून १९६४ ला सोमवार होता, हे मात्र मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ती असेपर्यंत दर शनिवारी, काहीही न बोलता, ती माझा वाढदिवस पाळत होती आणि मी जगाचे वार काढत फिरत होते. मी फोन ठेवला आणि खूप रडले. हे शेजारी येऊन बसले. मोबाइलचं नाव काढलं नाही.

परवा पुतण्याच्या हळदीत बायकांनी मला पुन्हा घेरलं. दोन-तीन जणींचे वार काढून झाल्यावर कुणीतरी विचारलं, “आणि काकू, तुमचा?”

“शनिवार,” मी म्हणाले.

“आणि तारीख?”

“ती गुरुजींना विचारा.”